मुंबईत आलेल्या मित्रांसोबत परवडणारे खाणेपिणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परगावचे मित्र मुंबईत येणार असले की त्यांना कुठे जेवायला न्यावे, कुठे बसावे आणि महिनाअखेरीचे गणित कसे सांभाळावे, हे प्रश्न मला सतत येतात. विचारणाऱ्यांत पुण्या-नाशिकचे लोक असतात, तसेच बोरिवली, मुलुंड आणि डोंबिवलीचेही असतात, कारण रोज फोर्टात नोकरीला येणारा माणूस डबा खाऊन सहाची लोकल पकडतो आणि आपल्याच शहरात कुठे बसावे हे त्याला ठाऊक नसते. तेच ते प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दर बदलत राहतात, म्हणून रकमा अंदाजाच्या समजाव्यात.

१. चार मित्र दोन दिवसांसाठी येत आहेत. माणशी दिवसाला किती खर्च धरावा?

मद्य वगळून, दिवसभराचे खाणे आणि चहापाणी धरून माणशी सहाशे ते नऊशे रुपये पुरतात. संध्याकाळी साध्या परमिट रूममध्ये बसायचे असेल तर त्यात आणखी पाचशे ते सातशे रुपये मिळवावेत. हा हिशेब एका अटीवर जमतो : संपूर्ण संध्याकाळ एकाच टेबलावर काढू नये. ज्या ठिकाणी जे चांगले आणि स्वस्त मिळते तेवढेच तेथे घ्यावे आणि उठावे. चहा इराण्याकडे, बैठक परमिट रूममध्ये, जेवण खाणावळीत आणि गोड आणखी कुठेतरी अशी विभागणी केली की खर्च जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय पाहुण्यांचे शहरही पाहून होते. दारू, जेवण आणि डेझर्ट एकाच वातानुकूलित हॉटेलात मागवणाऱ्यांची पत्रे मला बहुधा बिल भरून झाल्यावर येतात.

२. सुरुवात कुठल्या भागातून करावी?

पाहुणे पहिल्यांदा येत असतील तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कुलाबा या पट्ट्यातून करावी, कारण तेथे सगळे पायी होते आणि टॅक्सीचा खर्च वाचतो. स्टेशनाच्या समोरच आरामचा वडापाव आहे, जवळच्या बाजारगेट भागात पंचम पुरीवाल्याची पुरीभाजी आहे, आणि क्रॉफर्ड मार्केटकडे वळल्यास बादशाहचा फालुदा आहे. मुंबई आधीच पाहिलेल्या मित्रांना मी दादर आणि माटुंग्याला नेतो. दादर पश्चिमेला शिवसेना भवनाच्या परिसरात प्रकाशकडे साबुदाणा वडा आणि पियूष, आस्वादमध्ये मिसळ किंवा थालीपीठ, पुलावरून पूर्वेला उतरल्यावर कैलासची लस्सी, आणि तेथून माटुंग्याची कॉफी, एवढ्यात एक सकाळ सहज सरते. गिरगावात उतरलेल्यांनी ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममधली मिसळ चुकवू नये.

३. इराणी हॉटेले खरोखर स्वस्त आहेत की फक्त नावाला उरली आहेत?

दोन्ही प्रकार आहेत. धोबीतलावचे कयानी (स्थापना १९०४) आणि जवळचे ससानियन (१९१३) येथे आजही चहा, ब्रून मस्का, खिमा-पाव आणि मावा केक यांवर चौघांची न्याहारी माफक पैशांत होते. याउलट बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया (१९२३) हे उत्तम असले तरी स्वस्त नाही. तेथला बेरी पुलाव हा दुपारच्या जेवणाचा स्वतंत्र बेत आहे, आणि तो परवडवायचा असेल तर दोघांत एक मागवून सोबत पालनजीचा रास्पबेरी सोडा घ्यावा. कुलाब्याचे लिओपोल्ड १८७१ पासूनचे आहे, मात्र आज तेथे बसण्याचे दर पर्यटकांच्या खिशाप्रमाणे आहेत. पाहुण्यांना ते पाहायचेच असेल तर बाहेरून दाखवावे आणि समोरच्या ऑलिम्पियामध्ये खिमा-पाव खायला बसावे.

इराणी हॉटेलात गर्दीच्या वेळी अनोळखी माणसाच्या समोरची खुर्ची मिळू शकते. त्यात अपमान मानू नये. चहा संपल्यावर तासभर गप्पा मारायच्या असतील तर दुपारी तीन ते पाच ही वेळ निवडावी.

४. पोटभर शाकाहारी जेवणासाठी थाळी घ्यावी की वेगवेगळे पदार्थ मागवावेत?

भूक खरी असेल तर थाळी घ्यावी. माटुंगा स्टेशनालगतच्या रामा नायक यांच्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये (१९४२) ताटातले मर्यादित आणि केळीच्या पानावरचे हवे तितके असे दोन प्रकारचे जेवण मिळते, आणि चार तासांच्या प्रवासाने भुकेलेल्या मित्रांना मी पानावरच बसवतो. सोमवारी ते बंद असते हे लक्षात ठेवावे.

साध्या उडपी हॉटेलात फलकावर ‘राइस प्लेट’ आणि ‘स्पेशल थाळी’ असे दोन दर दिसतात. फरक बहुधा एक गोड, एक तळण आणि वाटीभर दही एवढाच असतो, म्हणून राइस प्लेट मागवून हवे ते एक वेगळे घेणे बरे पडते. न्याहारीसाठी कॅफे मद्रास (१९४०) प्रसिद्ध आहे, पण रविवारी सकाळी तेथे रांगेतच तास जातो. पाहुण्यांची परतीची गाडी अकराची असेल तर हा बेत करू नये.

५. मित्रांना मासे खायचे आहेत. बिल आवाक्यात कसे ठेवावे?

या प्रश्नावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण बजेट कोसळते ते बहुधा इथेच. मेनूकार्डावर पापलेट, खेकडा, कोळंबीचे मोठे प्रकार यांच्यासमोर कधीकधी दराऐवजी ‘ए.पी.एस.’ ही अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ‘आकारानुसार दर’ असा आहे. अशा पदार्थाची किंमत मागवण्यापूर्वी विचारण्यात कोणताही कमीपणा नाही, आणि वेटरला त्याचे आश्चर्यही वाटत नाही. मी स्वतः एकदा नागपूरच्या तीन मित्रांसमोर तोरा मिरवत न विचारता खेकडे मागवले होते. बिल आल्यावर चौघांनी मिळून पाकिटे रिकामी केली आणि परतीचा प्रवास बसने झाला.

स्वस्त आणि चवदार मासा म्हणजे बांगडा, मांदेली आणि बोंबील. मालवणी किंवा गोमंतकीय खाणावळीत बांगड्याची थाळी सर्वांत परवडते, सुरमईची मधली आणि पापलेटची महाग असते. चौघांनी चार पापलेट थाळ्या घेण्याऐवजी दोन बांगडा, दोन सुरमई आणि मध्ये एक प्लेट बोंबील फ्राय असे मागवले की सगळ्यांना सगळे चाखता येते. दादरचे गोमांतक, सिंधुदुर्ग आणि वांद्रे पूर्वेचे हायवे गोमांतक ही या कामाची ठिकाणे आहेत. सोलकढी थाळीत असतेच, पण दुसरी वाटी फुकट आहे का हे विचारून घ्यावे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मासा महाग आणि बराचसा बर्फातला असतो, त्यामुळे पावसाळ्यात येणाऱ्या मित्रांना कोंबडी-वडे किंवा मटणाकडे वळवावे. श्रावणात उलटे घडते : अनेक मराठी ग्राहक मांसाहार सोडतात आणि खाणावळींत जागा सहज मिळते.

६. परमिट रूम, बिअर बार, वाईन शॉप आणि बिअर शॉपी यांत फरक काय?

परमिट रूम म्हणजे जेथे बसून सर्व प्रकारचे विदेशी मद्य (देशी दारू सोडून व्हिस्की, रम, बिअर वगैरे) पिता येते असे परवानाधारक हॉटेल. तिच्या परवान्याला उत्पादन शुल्क खात्याच्या भाषेत एफ.एल. तीन म्हणतात. बिअर बारमध्ये बसून बिअर आणि वाईन मिळते, व्हिस्की किंवा रम मिळत नाही. वाईन शॉप हे नावाने वाईनचे असले तरी तेथे सर्व मद्य बंद बाटलीत, छापील किमतीला विकले जाते आणि तेथे उभे राहून पिता येत नाही. बिअर शॉपीत फक्त बिअर आणि वाईन, तीही घरी नेण्यासाठी मिळते. उत्तर भारतातून आलेल्या मित्रांचा ‘वाईन शॉप’ या नावाने हमखास गोंधळ होतो.

‘परमिट रूम’ हे नाव दारूबंदीच्या काळातले आहे. १९४९ च्या कायद्यानंतर मुंबईत सरसकट बंदी आली, पुढे ती सैल झाली तेव्हा वैयक्तिक परवाना असलेल्यांनाच बसता येईल अशा खोल्या निघाल्या. बंदी गेली, नाव राहिले.

७. मग पिण्यासाठी आजही परवाना लागतो का? वयाची अट काय आहे?

कायद्याने लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन १,००० रुपयांना मिळतो. परमिट रूममध्ये एका दिवसाच्या परवान्याची नोंद बहुधा मालकच करतो आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. जे मित्र वारंवार येतात त्यांनी आजीवन परवाना काढून ठेवावा, विशेषतः बाटली सोबत घेऊन प्रवास करणार असतील तर.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी २५ पूर्ण असावे लागते. गोव्यात ही मर्यादा १८ आहे, म्हणून पणजीहून आलेला बावीस वर्षांचा मित्र येथे रम मागवू लागला तर त्याला आधीच कल्पना द्यावी. वर्धा, गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. तिकडच्या मित्रांना हे सांगावे लागत नाही.

८. परमिट रूममध्ये कमी खर्चात कसे मागवावे?

पहिली गोष्ट म्हणजे खालच्या मजल्यावर, पंख्याखाली बसावे. अनेक परमिट रूममध्ये तीच बाटली आणि तोच चिकन चिली वरच्या वातानुकूलित विभागात वेगळ्या, चढ्या दराने मिळते, आणि दोन्हींची मेनूकार्डेही वेगळी असतात. बसण्यापूर्वी कार्ड मागून घ्यावे.

दुसरी गोष्ट मोजमापाची आहे. लहान पेग ३० मिलीचा, मोठा ६० मिलीचा, क्वार्टर १८० मिलीची आणि खंबा ७५० मिलीचा असतो. क्वार्टर म्हणजे तीन मोठे पेग. तिघे जण एकच मद्य घेणार असतील तर तीन पेग वेगळे मागवण्याऐवजी एक क्वार्टर मागवावी आणि तिचे सील टेबलावर फोडून घ्यावे. त्यात पैसेही वाचतात आणि मापाची शंकाही उरत नाही. बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची असते आणि दोन पिंटांपेक्षा (लहान बाटल्यांपेक्षा) ती जवळजवळ नेहमी स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट चकण्याची आहे. उकडलेले चणे, काकडी किंवा खारे शेंगदाणे बऱ्याच ठिकाणी फुकट येतात आणि विचारल्यास दुसऱ्यांदाही येतात. मसाला पापड, सोडा आणि थंड पेय यांचे मात्र पैसे लागतात. चार जणांचा सोडा मिळून एका पेगच्या किमतीइतका होतो, हे बिल नीट वाचणाऱ्यालाच कळते.

ठिकाणांचे विचाराल तर कुलाब्यात ताजच्या मागचे गोकुळ आणि वांद्र्यात पाली नाक्याचे जनता ही दोन नावे बहुतेक सगळे सांगतात. मीही तीच सांगतो. शुक्रवारी रात्री तेथे खुर्ची मिळत नाही, म्हणून सातच्या आत पोहोचावे. शांत दुपारी बिअर आणि पारशी जेवण असा बेत असेल तर फोर्टातले कॅफे मिलिटरी पाहावे.

९. बाहेरून बाटली आणून हॉटेलात किंवा चौपाटीवर बसता येईल का?

नाही. ज्या हॉटेलाला परवाना नाही तेथे ग्राहकाने स्वतःची बाटली उघडणे बेकायदा आहे, आणि ‘थंड पेयाच्या बाटलीत मिसळून आणू’ ही युक्ती वेटर रोज पाहतो. मरीन ड्राइव्ह, जुहू, गिरगाव चौपाटी आणि रस्त्यावर उभी केलेली गाडी ही सगळी सार्वजनिक ठिकाणे आहेत. तेथे पोलीस कारवाई करतात. सर्वांत स्वस्त पर्याय घरीच बसणे हा आहे : वाईन शॉपमधून छापील किमतीला बाटली आणावी आणि जेवण खाणावळीतून पार्सल मागवावे. मात्र सोसायटीत पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांनी घरमालकाची अट आधी तपासावी.

१०. बिलावर कोणकोणत्या रकमा असतात आणि कोणती नाकारता येते?

खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या आणि वातानुकूलित हॉटेलांना हाच दर आहे, त्यामुळे ‘एसी आहे म्हणून १८ टक्के’ असे कोणी सांगितल्यास ते मान्य करू नये (मोठ्या तारांकित हॉटेलांमधली उपाहारगृहे याला अपवाद असू शकतात). काही लहान हॉटेले कंपोझिशन योजनेत (लहान व्यवसायांसाठीच्या सोप्या कर योजनेत) असतात. त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के झाला. म्हणून खाण्याचे आणि मद्याचे आकडे बिलावर वेगळे दिसलेच पाहिजेत.

सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. ते काढून टाकण्यास शांतपणे सांगावे. वाचलेल्या रकमेतून वेटरच्या हाती थोडी टीप ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

११. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले. तक्रार करता येईल का?

दुकानदाराने घेतले असतील तर करता येईल. हॉटेलात बसून प्यायले असेल तर बहुधा नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे ठरवले की हॉटेल पाण्यासोबत जागा आणि सेवाही देते, त्यामुळे तेथे छापील किमतीचे बंधन लागू होत नाही. उपाय सोपा आहे. वेटरने ‘बिसलेरी की साधे?’ असे विचारले की ‘साधे’ म्हणावे. पाहुण्यांचे पोट नाजूक असेल तर वाटेतल्या दुकानातून बाटली घेऊन ती पिशवीत ठेवावी.

१२. एक मित्र पीत नाही, दुसरा जैन आहे, तिसऱ्याला मटण हवे आहे. बिल कसे वाटावे?

मद्याचे आणि खाण्याचे आकडे बिलावर वेगळे असतातच (प्रश्न १० पाहावा), म्हणून मद्याची रक्कम पिणाऱ्यांत आणि खाण्याची सर्वांत वाटावी. न पिणाऱ्याकडूनही समान वाटा घेणारा गट मला दर महिन्याला भेटतो, आणि तो न पिणारा पुढच्या वेळी येत नाही. जैन मित्राची अडचण मुंबईत फारशी नाही, कारण पावभाजीपासून डोशापर्यंत कांदा, लसूण आणि बटाटा वगळून मिळतो. फक्त मागवतानाच ‘जैन’ हा शब्द उच्चारावा. त्याला मालवणी खाणावळीत नेऊन भात-वरणावर बसवू नये. मटणाचा बेत वेगळ्या जेवणाला ठेवावा, उदाहरणार्थ भेंडी बाजारच्या नूर मोहम्मदीमधली नल्ली निहारी.

१३. गटात मैत्रिणी आहेत. साध्या परमिट रूममध्ये जावे का?

जाता येते, आणि अनेक जणी जातात. जुन्या ठिकाणी ‘फॅमिली रूम’ किंवा वरचा मजला असतो. तेथे दर थोडा जास्त पडतो (प्रश्न ८ पाहावा), पण गर्दी आणि रोखून पाहणारे डोळे कमी असतात. आत जाण्यापूर्वी एकाने स्वच्छतागृह पाहून यावे. स्वस्त ठिकाणांची खरी परीक्षा तेथेच होते, आणि मैत्रिणींनी मला पाठवलेल्या तक्रारींपैकी सर्वाधिक त्याच विषयाच्या आहेत.

१४. मित्र आले आणि नेमका ड्राय डे निघाला. आता काय?

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस कोरडे असतात. आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी यांसारखे दिवसही तपासून घ्यावेत. निवडणुकीत मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस यांत भर घालतात. आदल्या दिवशी वाईन शॉपसमोर रांग लागते, म्हणून खरेदी दोन दिवस आधी करावी. काहीच जमले नाही तर तो दिवस पियूष, सोलकढी, फालुदा आणि उसाच्या रसाला द्यावा. भेंडी बाजारातले हाताने फिरवलेले ताज आइसक्रीम १८८७ पासून आहे आणि ड्राय डेला ते उघडेच असते.

१५. रात्री उशिरा काय खायला मिळते आणि परतावे कसे?

परमिट रूम रात्री दीडपर्यंत चालतात, पण स्वयंपाकघर त्याआधी बंद होते. त्यानंतर कुलाब्यात ताजच्या मागे बडेमियाँचे कबाब आणि स्टेशनांबाहेरची भुर्जी-पावाची गाडी हे आधार आहेत. रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळची गल्ली पहाटेपर्यंत जागी असते आणि तेथला मालपुवा चौघांत एक पुरतो.

लोकल साधारण रात्री एक ते पहाटे चार या वेळेत नसतात. शेवटची गाडी चुकली तर वाचवलेले सगळे पैसे टॅक्सीत जातात, म्हणून बैठक सुरू करतानाच परतीची गाडी ठरवावी. फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीनंतर काळ्यापिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये झाले. मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळेत त्यावर २५ टक्के जास्त लागतात. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा येत नाहीत, हे पुण्याच्या मित्रांना पटत नाही. स्वतःची गाडी असेल तर चालवणाऱ्याने पिऊच नये : रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा दोन बिअरमध्ये सहज ओलांडली जाते आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

१६. मित्र पाहुणा आहे, तरी बिल देण्याचा हट्ट धरतो. काय करावे?

पहिल्या दिवसाचे मोठे बिल यजमानाने द्यावे आणि त्यासाठी हात धुण्याच्या निमित्ताने उठून गल्ल्यावर आधीच पैसे द्यावेत, कारण टेबलावर पाकिटांची ओढाताण सुरू झाली की वेटरलाही संकोच होतो. दुसऱ्या दिवशी मित्राला देऊ द्यावे, आणि ते ठिकाण आपणच निवडावे. मी अशा वेळी त्याला पंचम पुरीवाल्याकडे नेतो.